लेगसी अ‍ॅडमिशन: आईबाप त्याच कॉलेजचे असले की मुलांना नक्की किती फायदा होतो?

सुलक्षणा_एडिसन:
लेक यंदा ज्युनियर, म्हणजे अकरावीत आहे त्यामुळे आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नसतो. परवा इथल्या मराठी मंडळात पालकांसाठी कॉलेज अ‍ॅडमिशनवर सेशन ठेवलं होतं. एसएटी, एसे, समर प्रोग्राम वगैरे नेहमीचं झालं, मग एका बाबांनी विचारलं की मी अमुक आयव्ही लीगमधून (अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित कॉलेजांपैकी एकातून) एमबीए केलंय तर माझ्या मुलीला लेगसी मिळेल का. कौन्सेलर बाई म्हणाल्या, फॉर्ममध्ये लिहा, नुकसान तर काही नाही. त्यानंतर पुढचा अर्धा तास सगळ्यांचे प्रश्न तेच. माझी एमएस चालेल का, काकाची चालेल का, आजोबा फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आले होते ते धरतात का.

घरी येऊन मी जे जे हाताला लागलं ते वाचत बसले आणि आता राहवत नाहीये म्हणून धागा काढतेय.

पहिली गोष्ट, हे सगळं सुरू कसं झालं ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? शंभर वर्षांपूर्वी या मोठ्या कॉलेजांमध्ये प्रवेश बऱ्यापैकी परीक्षेवर असायचा. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुलं परीक्षा देऊन धडाधड आत यायला लागली, हार्वर्डात १९२२ च्या सुमाराला पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपायला लागलं. त्यांनी उघड कोटा सुचवला, त्यावर गदारोळ झाला, मग मागच्या दाराने उपाय निघाले. अर्जात विचारायला लागले की तुमच्या जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललंय का, आईचं माहेरचं आडनाव काय, आणि १९२६ पासून फोटोसुद्धा लावायचा. 'कॅरेक्टर' नावाची मोजता न येणारी गोष्ट मोजायला लागले. त्याच १९२२ साली डार्टमथने आपल्या नियमांत लिहून टाकलं की माजी विद्यार्थ्यांची मुलं पात्र असली तर त्यांना घ्यायचंच. बाकीच्यांनी हळूहळू तेच केलं. म्हणजे स्थलांतरितांच्या हुशार मुलांना बाहेर ठेवायला जी सोय काढली ती आपण, म्हणजे स्थलांतरितच, आज आपल्या मुलांना लागू होते का म्हणून विचारतोय. मला हे फार लागलं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. हार्वर्डवर जो खटला चालला, ज्याचा निकाल २९ जून २०२३ ला लागला आणि वंशाचा विचार करून प्रवेश देणं बंद झालं, त्या खटल्यात कॉलेजला आपली माहिती बाहेर काढावी लागली. त्यात सहा वर्षांची आकडेवारी होती. लेगसी मुलांपैकी जवळपास ३४ टक्के आत गेली, बाकीच्यांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास. डीनच्या खास यादीतली, म्हणजे बहुतेक देणगीदारांची वगैरे, ४२ टक्के, प्राध्यापकांची मुलं ४७ टक्के आणि खेळाडू म्हणून घेतलेली ८६ टक्के. त्याच माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं या चारपैकी कुठल्या ना कुठल्या खिडकीतून आली होती, एशियन, ब्लॅक, हिस्पॅनिक मुलांमध्ये हे प्रमाण १६ टक्क्यांच्याही खाली. आणि त्या गोऱ्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलांना ही खिडकी नसती तर प्रवेश मिळालाच नसता असा त्यांचा अंदाज.

माझं मत आधीच सांगते, हे सरळ बंद व्हायला पाहिजे. तुमचे अनुभव आणि मतं लिहा.

केदार_फ्रीमाँट:
ताई चांगला धागा, पण मला थोडी दुसरी बाजू मांडायचीय. ही प्रायव्हेट कॉलेजं आहेत. त्यांनी कोणाला घ्यायचं हा त्यांचा प्रश्न. माजी विद्यार्थी पैसे देतात, त्यातून गरीब मुलांना फुकट शिकवलं जातं, आज हार्वर्ड स्टॅनफर्ड प्रिन्स्टनमध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना ट्यूशन, राहणं, खाणं सगळं कॉलेज देतं ते कुठून येतं? एन्डॉवमेंटमधूनच, म्हणजे देणग्यांच्या साठवलेल्या निधीतूनच ना. तीन पिढ्या एका कॉलेजशी बांधलेलं घर त्या कॉलेजसाठी जे करतं ते बाहेरचा कोण करणार. आणि दुसरं असं की लेगसी मुलं मठ्ठ असतात असं कोणी समजू नये, शिकलेल्या आईबापांची मुलं आहेत, घरात पुस्तकं आहेत, अभ्यासाची सवय आहे, त्यांचा अ‍ॅक्सेप्टन्स रेट जास्त असणारच, सगळा फरक काही वशिल्याचा नाही. ३४ आणि ६ हे दोन आकडे शेजारी ठेवले की भयंकर दिसतं पण त्यातला किती भाग मुलाच्या स्वतःच्या गुणांचा ते त्यात कळत नाही.

मी स्वतः स्टॅनफर्डमधून एमएस केलंय, मुलगा नववीत आहे, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे उघड सांगतो.

गौरी_ज:
धाग्याला +१. पण एमएस चालते की नाही ते कोणी सांगेल का? आमच्या ग्रुपवर रोज वेगळं उत्तर येतं.

सुलक्षणा_एडिसन:
गौरी, प्रत्येक कॉलेजचं वेगळं आहे. हार्वर्डमध्ये आई किंवा बाबा हार्वर्ड कॉलेजात, म्हणजे अंडरग्रॅडला असतील तरच धरतात. तिथे एमबीए, पीएचडी केलेली असेल तर ते लेगसीत येत नाही. स्टॅनफर्ड ग्रॅड डिग्रीसुद्धा धरतं. त्यामुळे आपल्या पिढीच्या बहुतेकांना, जे पुण्यामुंबईत बीई करून इकडे स्टेट युनिव्हर्सिटीत एमएसला आले, त्यांना याचा शून्य उपयोग. माझे मिस्टर आणि मी दोघंही त्यातलेच. एमआयटी आणि कॅलटेक तर लेगसी बघतच नाहीत.

अविनाश_सातारा:
इथे भारतात बसून हे वाचताना गंमत वाटत नाही, वाईट वाटतं. आमच्याकडे आयआयटीला तुमचा बाप डायरेक्टर असला तरी जेईईच्या रँकशिवाय दार उघडत नाही, ते एक बरं आहे. पण प्रायव्हेट मेडिकल इंजिनिअरिंगला काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. आणि तरी भावाच्या मुलीच्या वेळी एका कॉलेजात आम्हाला जे काही तोंडी सांगितलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाव घेत नाही.

एनआरआय कोट्याचं तर बघाच. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये इनामदार खटल्यात १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागांना परवानगी दिली ती खऱ्या एनआरआयंच्या मुलांसाठी म्हणून. पंजाब सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची व्याख्याच ताणली, मामा मावशी काका आत्या कोणी परदेशात असलं तरी चालेल असं केलं. हायकोर्टाने ते उडवलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सप्टेंबरमध्ये अपील फेटाळताना या सगळ्या एनआरआय धंद्याला स्पष्ट शब्दांत फसवणूक म्हटलं. ज्यांचे मार्क तिपटीने जास्त आहेत त्यांची सीट जाते हे कोर्ट बोललं.

तर केदारराव, ओळखीचा वाढपी असला की पंगतीत शेवटी बसूनही जिलबी मिळते, तसं आहे हे. तुम्ही म्हणता त्यांची खासगी पंगत आहे. पण या कॉलेजांना बराचसा टॅक्स माफ असतो, देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते, रिसर्चला सरकार पैसा देतं. म्हणजे शिधा सगळ्या गावाचा आहे.

केदार_फ्रीमाँट:
अविनाशजी टॅक्सचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण डोनेशन देऊन सीट विकत घेणं आणि लेगसी यात फरक करा. इथे कोणी पावती फाडत नाही. लेगसी म्हणजे दोन सारख्या मुलांमध्ये एकाकडे थोडंसं झुकतं माप, बस.

रश्मी_बॉस्टन:
मी बरीच वर्षं माझ्या कॉलेजसाठी अ‍ॅल्युमनाय इंटरव्ह्यू घेते, म्हणजे माजी विद्यार्थिनी म्हणून अर्ज केलेल्या मुलांना भेटते, कॉलेजचं नाव लिहीत नाही. थोडं आतलं सांगते कारण याबद्दल पालकांमध्ये फार गैरसमज आहेत.

आम्हाला मुलाचे मार्क दिसत नाहीत, एसे दिसत नाही. नाव, शाळा आणि कशात इंटरेस्ट आहे तेवढं येतं. लायब्ररीत किंवा कॉफी शॉपमध्ये भेटायचं, पाऊण तास बोलायचं, मग पानभर रिपोर्ट लिहायचा. नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाचा इंटरव्ह्यू घेता येत नाही, आधीच कळवावं लागतं. रिपोर्टचं वजन फार नसतं, मुलगा फारच विचित्र वागला किंवा फारच विलक्षण निघाला तरच फरक पडतो असं आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगतात.

पण मला जे दिसतं ते सांगते. आईबाप त्याच कॉलेजचे असले की मूल दारातून आत येतानाच कळतं. ते हात पुढे करून शेकहँड करतं, माझ्याकडे बघून बोलतं, कुठल्या डॉर्मचं काय वैशिष्ट्य, कुठले प्रोफेसर फ्रेशमनना शिकवतात, कुठल्या क्लबात आधी ऑडिशन द्यावी लागते हे त्याला तोंडपाठ असतं. लहानपणापासून रीयुनियनला गेलंय, कॉलेजचा स्वेटशर्ट घालून मोठं झालंय. ते कॉलेज का हवं याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं आणि ते खोटं नसतं. आणि मग एखादी मुलगी येते, वडील ट्रक चालवतात, आई नर्सिंग होममध्ये. ती वीस मिनिटं आधी येऊन बाहेर उभी असते. मी कॉफी घेऊ का विचारलं की नको म्हणते कारण पैसे कोण देणार हे तिला माहीत नसतं. का हवंय हे कॉलेज विचारलं की वेबसाइटवरचं वाक्य म्हणून दाखवते. पण धाकट्या भावाला गणित शिकवताना तिने स्वतः काय काय युक्त्या काढल्या ते विचारलं की तिचा चेहराच बदलतो आणि पुढचा अर्धा तास मला बोलायची गरजच पडत नाही. मी तिच्याबद्दल दोन पानं लिहिली होती.

केदार, तुम्ही दोन सारखी मुलं म्हणता. तशी सारखी मुलं मी पाहिलेलीच नाहीत. त्या मुलाच्या पाठीशी अठरा वर्षांची सगळी तयारी आहे, ती कोणी काढून घ्यावी असं मी म्हणत नाही, आईबापांनी मुलांना जे द्यायचं ते द्यावंच. पण ते सगळं मिळाल्यावर वरून आणखी एक टिकमार्क, तोही कॉलेजने स्वतःच्या हाताने करायचा? हे मला पटत नाही, आणि मी हे आमच्या अ‍ॅल्युमनाय ऑफिसला लेखी कळवलंय.

वंशाच्या निकालात अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती गोर्सच यांनीसुद्धा हेच लिहिलंय, ते काही डाव्या विचारांचे नाहीत. ज्यांना आईबापांचं नशीब किंवा आयुष्यभर अ‍ॅल्युमनायच्या तंबूत जायची मुभा मिळालेली नाही त्यांना या सवलतींचा काही उपयोग नाही, अशा अर्थाचं.

सचिन_नांदेडकर:
रश्मीताई तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कॉफी नको म्हणणारी मुलगी म्हणजे मीच की.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इकडे मास्टर्सला येऊ शकलो. एसओपी म्हणजे काय असतं, लेटर ऑफ रेकमेंडेशन कोणाकडून कसं मागायचं, काही माहीत नव्हतं, सायबर कॅफेत बसून एका सीनियरने फोनवर सांगितलं तसं टाईप केलं. माझ्या सोबतच्या मुलांचे मामा काका इथे आधीच होते, त्यांच्या एसेवर तीन तीन जणांचा हात फिरलेला. तक्रार करत नाहीये, त्यातलेच काही आज जिवलग मित्र आहेत. पण ओळख ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्याला ती नव्हती त्याला विचारा.

मला एक गोष्ट कायम आठवते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी फेब्रुवारी १९१३ मध्ये वारले, आणि त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात पोचले, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९१५ मध्ये एमए. त्यांच्या मागे त्या युनिव्हर्सिटीत कोण होतं? कोणी नाही. आणि त्याच दशकात त्याच कोलंबियाच्या अंडरग्रॅड कॉलेजात ज्यू मुलं फार झाली, कमी कशी करायची यावर खल चालू होता. एका दाराने बाबासाहेब आत जातायत आणि शेजारच्या दारावर पहारा बसतोय. आज ती युनिव्हर्सिटी त्यांचं नाव किती अभिमानाने सांगते.

म्हणून मला वाटतं की आपल्या लोकांनी, तेही महाराष्ट्रातून आलेल्या लोकांनी, या प्रश्नावर तटस्थ राहूच नये. इकडे रिझर्व्हेशनवर मेरिट मेरिट म्हणून बोलणारे कितीतरी जण लेगसीचं नाव निघालं की गप्प बसतात, मी स्वतः गणपतीच्या कार्यक्रमात जेवताना पाहिलंय. मेरिट पाहिजे तर सगळीकडे पाहिजे. वंशाचा विचार बंद झाला आणि बापाचा विचार चालू राहिला, ज्याचं आधीच सगळं होतं त्याचंच राहिलं आणि ज्याला थोडा हात मिळत होता तो गेला. अमेरिकेत जून २०२३ मध्ये निकाल लागला आणि जुलैमध्ये लॉयर्स फॉर सिव्हिल राइट्स या संस्थेने हार्वर्डच्या लेगसीविरुद्ध शिक्षण खात्याकडे तक्रार केली, खात्याने चौकशी उघडली, ती याच कारणाने.

मृणाल_रेडिंग:
इथे यूकेत ऑक्सफर्ड केंब्रिजला आईवडील तिथले होते का हे प्रवेशात धरतच नाहीत. विषयाचे मार्क, विषयाची परीक्षा आणि मग त्याच विषयाचे ट्यूटर समोर बसून इंटरव्ह्यू घेतात, गणिताला गेलात तर गणितच सोडवायला देतात. अर्थात महागड्या प्रायव्हेट शाळांची मुलं त्या इंटरव्ह्यूची तयारी करूनच येतात, तो फायदा इथेही आहेच. पण बाप कुठल्या कॉलेजचा हे कोणी विचारत नाही आणि त्याने ऑक्सफर्डचं काही वाईट झालेलं दिसत नाही.

केदार_फ्रीमाँट:
सचिन, तुमचं लिहिणं मनाला लागलं आणि मी ते हलक्यात घेत नाही.

पण एक प्रश्न खरंच पडलाय. शंभर वर्षं गोऱ्या श्रीमंतांच्या मुलांनी याचा फायदा घेतला. आता कुठे आपली, एशियन लोकांची, ब्लॅक लोकांची पहिली पिढी या कॉलेजांतून शिकून बाहेर पडलीय आणि त्यांची मुलं अर्ज करायच्या वयाची होतायत. नेमकं आत्ताच हे बंद करायचं? हे माझंच मत नाही, कित्येक ब्लॅक अ‍ॅल्युमनायसुद्धा हे बोलून दाखवतात. आमची पाळी आली आणि खिडकी बंद.

सुलक्षणा_एडिसन:
केदार, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यात तथ्य आहे. पण हिशोब करून बघा. आपल्यातले किती जण आयव्हीतून अंडरग्रॅड झालेत? मूठभर. त्या मूठभरांच्या मुलांसाठी खिडकी उघडी ठेवायची तर त्याच खिडकीतून बाकीचे किती आत जाणार? एडिसनमध्ये, फ्रीमाँटमध्ये, डॅलसला जी हजारो मुलं आहेत त्यांच्या आईबापांकडे भारतातलीच डिग्री आहे. आपल्या मुलांचा या पद्धतीत एकूण तोटाच आहे. आणि समजा तोटा नसता, फायदा असता, तरी मी हेच म्हटलं असतं.

आता तुमचा पहिला मुद्दा, लेगसी मुलं मुळातच हुशार असतात हा. त्यावर जुलै २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला, आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी बारा कॉलेजं, आणि सोबत टॅक्सचे रेकॉर्ड. एसएटीचे मार्क सारखे असले तरी सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात या कॉलेजांत जातात. त्या घरांतलं मूल लेगसी असेल तर बाकी अर्ज तसाच असलेल्या सर्वसाधारण मुलापेक्षा त्याला पाचपट संधी. आणि घोडं कुठे पेंड खातं ते पुढे आहे. त्यांनी हीच लेगसी मुलं त्याच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजांत अर्ज करतात तेव्हा काय होतं ते तपासलं, जिथे त्यांचे आईबाप शिकलेले नाहीत. तिथे त्यांना इतरांपेक्षा अगदी किंचितच जास्त संधी. मूल तेच, मार्क तेच, एसे लिहिणारा तोच. फरक फक्त बाप कुठे शिकला याचा. हे थोडंसं झुकतं माप नाही हो.

पैशांचं म्हणाल तर जॉन्स हॉपकिन्सने २०१४ पासून लेगसी बंद केली, गाजावाजा न करता, आणि २०२० मध्ये जाहीर केलं. २००९ मध्ये नव्या वर्गात १२.५ टक्के लेगसी होते ते २०१९ मध्ये ३.५ वर आले आणि पेल ग्रँटला (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणाऱ्या सरकारी मदतीला) पात्र असलेली मुलं ९ टक्क्यांवरून १९ वर गेली. हॉपकिन्सला देणग्यांचा दुष्काळ पडलाय असं कोणी म्हणेल का? अ‍ॅमहर्स्टने २०२१ मध्ये बंद केलं, वेस्लियनने २०२३ मध्ये. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या २०२२ च्या सर्वेत चारपैकी तीन अमेरिकन लोकांनी सांगितलं की प्रवेशात लेगसी बघूच नये. रिपब्लिकन, डेमोक्रॅट दोन्हीकडचे लोक यात आहेत, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश, जे स्वतः येलचे लेगसी, तेसुद्धा २००४ मध्ये हे संपवावं म्हणाले होते.

आणि हे जुनं बघा, अध्यक्ष केनेडींचा १९३५ चा हार्वर्डचा अर्ज केनेडी लायब्ररीच्या साइटवर कोणालाही बघता येतो. हार्वर्ड का हवं याचं उत्तर त्यांनी जेमतेम पाच वाक्यांत लिहिलंय, त्यातलं एक हे की वडील ज्या कॉलेजात गेले तिथेच मला जायचंय. तेवढ्यावर झालं. माझी लेक गेले दोन महिने साडेसहाशे शब्दांचा एसे खोडून परत लिहितेय.

ओंकार_अ‍ॅन_आर्बर:
मी इथेच जन्मलो, मराठी आईने शिकवलंय, टायपिंग हळू आहे तर सांभाळून घ्या. हा धागा आईनेच पाठवला.

माझी आई ज्या कॉलेजात होती तिथे मी अर्ज केला होता आणि मला अ‍ॅडमिशन मिळाली पण मी गेलो नाही, मिशिगनला आलो. लोक विचारतात का, तर एक कारण पैसे आणि दुसरं हे. शाळेत रिझल्ट लागला त्या दिवशी माझा मित्र, ज्याचे मार्क आणि मॅथ ऑलिंपियाडचा रँक माझ्यापेक्षा वर होते, तो रिजेक्ट झाला. तो मला काही बोलला नाही, काँग्रॅट्स म्हणाला. पण दुसऱ्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, तुझी मॉम तिथली ना? आणि मला उत्तर देता येईना. मी खरंच चांगला होतो का आईमुळे गेलो हे मला आजही माहीत नाही आणि कॉलेज ते कधीच सांगणार नाही. चार वर्षं ते डोक्यात घेऊन तिथे राहायची माझी इच्छा नव्हती. आई आधी नाराज झाली, तिच्यासाठी ते कॉलेज म्हणजे तिचं सगळं तरुणपण आहे, मग तिला समजलं.

केदारकाका, तुमच्या मुलालाही हा प्रश्न कोणीतरी विचारेल. लेगसी नसेल तर तो छातीठोकपणे सांगू शकेल.

केदार_फ्रीमाँट:
ओंकार, हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. हा धागा मुलाला वाचायला देणार आहे.

स्टॅनफर्डचं इथे लिहितो कारण बे एरियातल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहिती आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला, प्रायव्हेट कॉलेजांनासुद्धा लेगसी आणि देणगीदार दोन्ही बघायला बंदी, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू. यूसी, म्हणजे राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॉलेजं, कित्येक वर्षांपासून बघत नाहीतच. दंड काही नाही, जे कॉलेज मोडेल त्याचं नाव सरकार जाहीर करणार एवढंच. यूएससी कायदा पाळणार म्हणालं. स्टॅनफर्डने मात्र २०२५ मध्ये ठरवलं की विद्यार्थ्यांसाठी राज्याकडून मिळणारी कॅल ग्रँटच घ्यायची नाही, कायदा राज्याची मदत घेणाऱ्या कॉलेजांनाच आहे, म्हणजे तो लागू होत नाही, आणि त्या मुलांना तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे. तर स्टॅनफर्डला अजून लेगसी आहे. राज्याच्या आधीच्या कायद्यामुळे त्यांना आकडे जाहीर करावे लागायचे, त्यात घेतलेल्या मुलांपैकी साधारण १४ टक्के मुलांचा अ‍ॅल्युमनाय किंवा देणगीदारांशी संबंध होता.

माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण राज्याचे पैसे नाकारून लेगसी धरून ठेवणं हे मलाही खटकलं.

अविनाश_सातारा:
पैसे सोडले पण लेगसी नाही सोडली. यावरून कळतं त्यांना त्याची किंमत काय वाटते ते.

गौरी_ज:
सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. आता अगदी व्यवहाराचं विचारते. कोणतं कॉलेज लेगसी बघतं आणि कोणतं नाही हे आमच्यासारख्यांनी कुठे बघायचं? आणि आईबापांच्या कॉलेजचा रकाना रिकामा सोडला तर चालतो का, कारण माझा मुलगा म्हणतो मला बाबांच्या नावाने काही नको.

रश्मी_बॉस्टन:
गौरी, बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा दस्तऐवज काढतात. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं सर्च करा, त्यात सी७ नावाचा तक्ता असतो. मार्क, एसे, इंटरव्ह्यू असं एकेक लिहून त्यापुढे व्हेरी इंपॉर्टंट, इंपॉर्टंट, कन्सिडर्ड, नॉट कन्सिडर्ड अशा चार खुणा असतात. त्यातली अ‍ॅल्युमनाय रिलेशनची ओळ बघा. नॉट कन्सिडर्ड असेल तर विषय संपला. त्याच तक्त्यात फर्स्ट जनरेशनचीही (घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांची) ओळ आहे, तीही बघा. शक्यतो ताज्या वर्षाचा काढा, गेल्या काही वर्षांत बऱ्याच कॉलेजांनी ही खूण बदललीय. शिवाय कोलोरॅडो, व्हर्जिनिया, इलिनॉय इथे सरकारी कॉलेजांना आणि मेरीलँडमध्ये सरकारी प्रायव्हेट दोन्हीला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे त्या कॉलेजांचं वेगळं बघायला नको.

रकान्याचं म्हणाल तर कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात) आईबापांचं शिक्षण कुठवर झालं ते विचारतात ते खरं खरं भरा, त्याच्यावरूनच मूल फर्स्ट जनरेशन आहे की नाही ते ठरतं, तिथे लपवाछपवी नको. भारतातलं कॉलेज असेल तर तेही लिहा. मुलाला बाबांच्या नावाचं काही नको असेल तर त्याने जिथे नॉट कन्सिडर्ड आहे तिथे अर्ज करावा, अशी भरपूर चांगली कॉलेजं आहेत. आणि अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायचा अर्ज, भरणार असाल तर बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरची मुदत असते. पण ते बंधनकारक असतं, मिळालं की जावंच लागतं, दुसऱ्या कॉलेजचं एड पॅकेज शेजारी ठेवून बघता येत नाही, तेव्हा आधी त्या कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर आहे तो भरून बघा आणि घरात पैशांचं बोलून घ्या.